अठरा घमेली

जमीन विकली तेव्हा आजोबांनी खरेदीखतातून
अर्धा एकर वगळला.
टॉर्गरसन तेवढ्यापुरता ट्रॅक्टर वळवून नेतो,
गहू मात्र अगदी कुंपणाला टेकतो.

मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही येतो:
मी, फार्गोहून लुडविना, आणि तिचं पोर,
ज्याने यांतल्या कुणालाच पाहिलेलं नाही.

सतरा लोखंडी क्रूस.
स्टेशनातून ज्या गाडीने ते इथवर आले
तिच्याच चाकांच्या धावा तापवून, ठोकून
पणजोबा बाल्झरनी पहिले तीन घडवले.
धाव संपली ती इथे, या वाऱ्यात.
मागे काळ्या समुद्राकाठीही असंच गवत होतं म्हणे.
खालची जर्मन अक्षरं मला लागत नाहीत.
आकडे लागतात. बरेचसे लहान आहेत.

ओटिलिया आत्याची वही कॉफीच्या डब्यात असते:
चंदेरी रंग, दोन डबे.
खारींची बिळं बुजवली.
१९३६, कुणी आलं नाही, धूळ.

वहीत नावं सतरा.
खचलेल्या जागा अठरा.
उत्तरेच्या कोपऱ्यात एक, बिनक्रुसाची.
आत्या म्हणायची, गडी असेल कुणी.
लुडविना म्हणते, बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल.
मी रंगाचा ब्रश धुत बसतो.

पण दर साली, हस्ताक्षर बदलत गेलं तरी,
ओळ तीच:
माती, अठरा घमेली.

यंदा ढकलगाडी पोराने ओढली.
कोपऱ्यातही ओतली, पायाने दाबली,
मग हात पँटला पुसून वही मागितली
आणि विचारलं,
किती लिहू?