घर क्रमांक एकेचाळीस

नारीनच्या वरच्या अंगाला, जिथे नदी
नोव्हेंबरातच मुकी होते,
आम्ही साठ घरांत धूर मोजायला गेलो.
सोबत साठ डब्या, विटेएवढ्या.
आत बारीक पंखा; तो हवा ओढतो
आणि दर मिनिटाला एक आकडा लिहून ठेवतो.

चिठ्ठ्या एका मेंढपाळाच्या टोपीत टाकल्या.
तीस घरांना नवी शेगडी: छतावर सोलर पॅनल,
त्या विजेवर फिरणारा झोत, सरळ उभं धुराडं.
उरलेल्या तीस घरांना पुढच्या हिवाळ्यात.
बुरुलसुन-एजेंनी चिठ्ठी उलगडली,
चष्मा सापडेना, माझ्या हातात दिली.
'पुढच्या हिवाळ्यात,' मी म्हणाले.
'बरं,' त्या म्हणाल्या, 'तोवर मी कुठे जातेय.'

मग फुंकायला बसल्या.
नळी ओठांत. मी ओरडत होते,
प्रशिक्षणात शिकवलं होतं तस्सं:
फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, संपेपर्यंत!
छातीचा भाता सव्वा लिटरवर अडला.
पलीकडून नवऱ्याने विचारलं,
'कोण भांडतंय?'

तीन आठवड्यांनी आकडे उतरवून घेतले.
जुन्या चुलींच्या घरांत प्रत्येक रेषेला डोंगर:
पहाटे पाचला कडा, दुपारी उतार,
दिवेलागणीला पुन्हा तेझेक पेटतं, पुन्हा कडा.
तेझेक म्हणजे उन्हाळ्यात कापून रचलेलं वाळकं शेण;
झाड न उगवणाऱ्या उंचीवर तेच सरपण.
एकेचाळीसची रेषा मात्र सपाट,
जणू त्या घरात कुणी चहासुद्धा उकळत नाही.

बिश्केकहून निरोप आला: उपकरण तपासा.
उपकरण ठणठणीत होतं.

मी बर्फातून परत गेले.
चुलीजवळच्या खिळ्यावर डबी नव्हती.
ती होती आतल्या बंद खोलीत, दारासमोर,
पाहुण्यांच्या मानाच्या जागी,
रजयांच्या चळतीवर,
खाली लग्नातला भरतकामाचा रुमाल,
आणि समोर बशीत, खोटं नाही सांगत,
मूठभर जर्दाळू.

'किती लांबून आलीय ती,' एजे म्हणाल्या.
'पाहुण्याला धुरात कसं बसवू?
आणि रात्रभर श्वास घेत असते गं बिचारी,
कान लावून ऐकलंय मी.'

फॉर्मवर कारणाचा रकाना होता:
बिघाड. बॅटरी. हरवलं. इतर.
मी 'इतर'वर खूण केली.
शेजारी एक ओळ मोकळी होती,
तिच्यात माझं पेन बराच वेळ थांबलं.

खोटं काहीच नव्हतं त्या रेषेत.
घरातली एकच खोली चांगल्या हवेची,
तिची मोजणी अगदी चोख झाली होती.
पण तिथे कुणी बसत नाही,
म्हणून नोंद बाद. साठाची झाली एकोणसाठ.

डबी मी पुन्हा चुलीजवळच्या खिळ्यावर टांगली.
त्या बघत राहिल्या,
जणू मी पाहुण्याला गोठ्यात बांधत होते.
मग काही न बोलता त्यांनी चुलीचं झाकण उचललं,
तेझेकची दोन ढेपं आत सरकवली,
आणि खोकला सुरू व्हायच्या आधीच
मान डबीपासून दुसरीकडे वळवली.

उतारावर गाडी दोनदा घसरली.
खिशात जर्दाळू निघाले, त्यांनी कधी घातले कळलं नाही.
एक तोंडात टाकला.
धुराचा वास नव्हता त्याला.