आधी सावली

लाकूडवाल्याशी करार केला तो मी.
डेल्फाची सही लागतच नव्हती.
बापानं टेकडी माझ्या नावावर ठेवली
आणि तिच्या नावावर शिवणयंत्र.
ओहायोत तेव्हा असंच चालायचं.

करवती यायच्या आदल्या संध्याकाळी ती आली,
दोन बादल्या आणि बटाटे काढायचं फावडं घेऊन.
माझ्याकडे पाहिलं नाही.
एप्रिल लागला होता, मेपल अजून उघडे,
आणि खाली, वर पानं फुटायच्या आत
आपापलं उरकून घ्यायच्या घाईत
सगळी बारकी फुलं.

गुडघे टेकून तिनं ती मातीसकट उचलली.
ब्लडरूटचं पान देठाभोवती शाल लपेटून असतं;
मुळाला फावडं लागलं की तांबडा रस येतो.
तिच्या बोटांना लागला. पुसला नाही.
कंदील मी धरला होता,
एवढं एक मी स्वतःला सांगत आलोय.

तिच्या घरामागे सावली म्हणजे
गॅरेजची उत्तरेची भिंत आणि एक म्हातारा बीच.
पोत्यांनी वाळका पाला आणून अंथरला,
ओळी नाहीत, वाफे नाहीत,
रान सांडतं तसं सांडलेलं.
निम्मं त्याच वर्षी मेलं.

ट्रिलियमचं तर तिनं बी पेरलं.
पहिल्या वसंतात काहीच नाही.
दुसऱ्यात गवताच्या पात्याएवढं काहीतरी.
मग एकच पान, पुन्हा एकच पान;
शेजारचा इम्री विचारायचा, हे तण काढू का?
तोवर लाकडाच्या पैशातून घेतलेला माझा पिकअप
तळातून गंजला.
टेकडीवर खुंट, काटेरी झुडपं, ऊन.

आठव्या वर्षी फोन आला.
"फुललंय." एवढंच.

तीन पानं, तीन पाकळ्या, पांढरं.
मी टोपी काढली, का ते माहीत नाही.
खडीच्या वाटेत, वाफ्यापासून दहा पावलं लांब
एक ब्लडरूट उगवलं होतं.
हे कुणी लावलं?
"मुंग्यांनी. बियांना चिकटलेल्या तेलकट कणासाठी
घरी ओढत नेतात, मग बी टाकून देतात."

मी म्हणालो, एखादं दे मला. टेकडीसाठी.
तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
"आधी सावली लाव," म्हणाली. "मग ये."

मी एकोणसत्तरचा आहे.
नर्सरीत बीचचं रोप वीतभर असतं.
पाच घेतली.
ससे कुरतडतात, म्हणून जाळीही.