शेवटची सोळा पानं

विट्याच्या शाळेत माझं नाव हजेरीत
सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत.
जूनमध्ये नाही, दिवाळीनंतर आलेली मी,
कोइमतूरहून,
गलाईवाल्याची पोरगी.
नाव कनका, तेही तिकडचंच.

बाबा तिकडे सोनं आटवायचे,
भट्टीच्या धगीनं भुवया गेलेल्या त्यांच्या.
तिथं गल्लीत आम्ही 'ते मराठीवाले'.
इथं आले तर पहिल्याच मधल्या सुट्टीत 'मद्रासी',
डब्यात इडली नसताना.
भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती.
कुणी बघितलंच नाही.

पाढे मी मनात तमिळमधून म्हणायचे
आणि उत्तर मराठीत द्यायचे.
अर्धा सेकंद उशीर व्हायचा.
तेवढ्यात अख्खा वर्ग हसून घ्यायचा.

शनिवारी कुंभारबाई पुस्तकांचं कपाट उघडायच्या.
डांबरगोळ्यांचा वास,
किल्ली बाईंच्या पदराला, सेफ्टी पिनेत.
सगळ्यांनी घेऊन उरलेलं मला मिळालं:
एका मुलीची कादंबरी.
तिच्या आईची सारखी बदली होते
आणि ती प्रत्येक नव्या घरात
आधी खिडक्या मोजते.

मीही मोजल्या होत्या.
दोन.

पान एकशे बारा.
पुढं नुसता शिलाईचा दोरा.
शेवटची सोळा पानं कुणीतरी नेलेली,
आणि पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीनं:
'ती परत गेली नसणार. श. मुलाणी, सहावी ब.'

सहावी ब म्हणजे माझाच वर्ग.
श. मुलाणी म्हणजे शमशाद, तिसरा बाक.
केसांत कायम सुताचे तंतू,
घरात चार माग, रात्रीसुद्धा चालू.

मी खाली लिहिलं, 'गेलीच असणार.'
पुस्तक परत केलं.
पुढच्या शनिवारी तिनं ते पुन्हा नेलं.
'का म्हणून? तिथं तिचं कोण होतं?'
'चिंचेचं झाड होतं. पान चाळीस बघ.'
'झाडासाठी कोण जातं व्हय!'

पुठ्ठा भरला.
मग तोंडानंच बोलणं भाग पडलं.
पाण्याच्या टाकीमागं आम्ही भेटलो
आणि असं भांडलो,
की तिनं माझी कंपासपेटी भिरकावली
आणि मी तिला तमिळमध्ये शिव्या दिल्या.
त्या तिला कळेनात,
म्हणून एकेक मराठीत करून सांगावी लागली.
तिसरीला तिला हसू फुटलं.
तरी अबोला धरलाच तिनं. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत
मला कुणी मद्रासी म्हणालं नाही.
'कोण गं ती?'
'ती नव्हं का, शमाशी भांडलेली.'
दोन्हीकडचे निरोप पोचवताना
निम्म्या वर्गाला माझं नाव पाठ झालं.

दहाव्या दिवशी तिसऱ्या बाकावर
कुणीतरी दप्तर उचलून मांडीवर घेतलं.
बोललं काहीच नाही.
मी बसले.
सुताचा एक तंतू माझ्या बाहीला चिकटला.
घरी जाईपर्यंत मी तो झटकला नाही.

बाईंनी वर्षअखेरीला पुठ्ठा पाहिला,
दोघींना वीस वीस ओळी शुद्धलेखन दिलं
आणि खोडरबर मात्र दिला नाही.

यंदा सांगलीत, पुस्तकांच्या प्रदर्शनात,
तीस टक्के सुटीच्या ढिगात
तीच मुलगी दिसली. मुखपृष्ठ नवं.
पानं एकशे अठ्ठावीस.
बाजूला लोक कॅलेंडरं चाळत होते.
मी उभ्या उभ्या सोळा पानं वाचली
आणि फोन लावला.

मागं खटखट, खटखट.
'शमे, सापडली गं शेवटची पानं.'

माग बंद केल्याचा आवाज आला.
'थांब. सांगू नको,' ती म्हणाली.
'माझंच बरोबर असणार.'
मग कितीतरी वेळ नुसता श्वास.

'कनके,
खिडक्या किती होत्या,
तेवढं सांग.'