चौथी प्रत

फेगडेला वाटलं, ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला.
चमचमता कोट, जुनी गाणी, मध्ये मिमिक्री.
मी म्हटलं, बस. एकाच्या गुडघ्यांत चेलो आहे,
बाकी साठ-सत्तर जण त्याचं ऐकतात,
कधी ऐकत नाहीत.

भुसावळात शेहेचाळीस. तरी कूलर बंद केला,
तो खर्जात बोलतो आणि चेलोच्या अंगावर येतो.
फेगडे निथळला, पण बसला.

पहिल्या तबकडीतला वादक गज असा टेकतो
जसा चाकावर ब्रेक-शू. ठिणग्या भरपूर,
चढ येण्याआधीच दम संपलेला.
दुसरीत बाई आहे. संथ भागात शिरताना
ती श्वास घेते, माइकने पकडलाय, ऐक.
फेगडेने ऐकला. ‘दमा हाये का तिले?’
तिसरी सीडी, नवी. एक ओरखडा नाही.
घासून ठेवलेलं स्टीलचं ताट:
तोंड दिसतं, जेवण नाही.

शेडमध्ये एकतीस वर्षं
सळईचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानामागच्या हाडाला लावून
मी इंजिनांचे रोग सांगितले.
माझा संगीताचा अभ्यास एवढाच.

मग कॅसेट काढली. चौऱ्याऐंशीचा जानेवारी,
रेल्वे क्वार्टर, शॉर्टवेव्ह.
सूर बुडतो आणि दहा हात पुढे वर येतो,
तापीत बुडी मारलेल्या पोरासारखा.
आणि जिथे सगळे थांबतात, चेलो एकटा उरतो,
तिथे यार्डातून
शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी.

बाकी तिन्हींत ती जागा
मला अजून रिकामी लागते.

तिसऱ्या भागात, ऐन चढावर, खट्.
बाजू संपली.
सतरा वर्षं ती रचना माझ्यापुरती तिथेच संपायची.
पुढे पूर्ण ऐकली, तेव्हा उरलेली सात मिनिटं
अनोळखी लग्नात जेवायला बसल्यासारखी गेली.

फेगडे पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.
‘जानेवारीत नाइटले मीच होतो भो.’
मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं.
‘सुरात होती का?’
नव्हती. पाव सुराने चढी होती. तसं सांगितलं.
‘थंडी व्हती,’ तो म्हणाला, ‘प्रेशर चढेल राहे.’

उठला. कूलरच्या बटणापर्यंत हात गेला,
तिथेच राहिला.
‘जरा मांगून लाव,’ म्हणाला.