सतरंजीचं दुसरं टोक

कागदावर माझं नाव बरोबर आहे:
डोमा झिंगर वैरागडे, पंच,
न्यायपंचायत, मौजा मोहटोला.
बाकीचं कारकुनानं दोनदा वाचलं,
तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज बसला.

"खटला चालू असता, अंधार पडल्यावर
फिर्यादीचे घरी गेले व जेवले."

गेलो होतो.
त्याच्या मायचं मनगट निखळलं होतं,
अन् सात गावांत हाड बसवणारा मीच एक.
बांबूच्या चार कामट्या, हळद-चुन्याचा लेप.
म्हातारीनं दातात पदर धरला, ओरडली नाही.
मग सुनेनं थाळी ठेवली,
जाडा भात, सुक्या झिंग्यांची चटणी.
धानाच्या मुलखात वाढलेला भात कोणी मागं लोटते का?
खटला तिच्या लेकाच्या धुऱ्याचा, दोन हात जमिनीचा.
घास गिळताना तो धुरा मले आठवला होता.
हे कबूल करतो. हे कागदात नाही.

आता मी विचारतो, जी.
तक्रार कोणाची, त्याचं नाव सांगा.
नक्कल द्या; मले वाचता येते, हळू वाचतो.
पंधरा दिवस द्या. रोवणी चालू आहे, तरी येतो.
माझ्या बाजूनं म्हातारीले बोलवा,
तिची मूठ आवळते का पाहा.
ऐकल्याबिगर बाकावरून उतरवू नका,
उतरवलंच, तं कारण लिहून उतरवा.
कारकून म्हणे, हे समदं कायद्यात आहे, डोमाजी.
आहे तं मग मले काहून मागावं लागते?

रात्री झोप नाही.
तुळसा कुमरे आठवली.
परसालची गोष्ट, कोंडवाड्यातल्या शेळ्या.
"मी सांगू का?" म्हणत होती.
बाजाराचा दिवस, आम्ही पाच जण,
चहा निवत होता.
मीच म्हटलं, बस झालं, दंड लिहा.
तीन रुपये.
तिनं पदराची गाठ सोडली, मोजून ठेवले,
अन् ते "सांगू का" तसंच तोंडात घेऊन
पांदणीनं गेली.

मंगळवारी पंचायतीत गेलो.
चौघं बाकावर. माझ्या जागेवर
कोणाचा तरी अडकित्ता.
जोडे काढून सतरंजीच्या ह्या टोकाले बसलो.
इथून त्यांचे चेहरे दिसत नाहीत,
मागच्या खिडकीचा उजेड सरळ डोळ्यांत येते.
नऊ वर्सांत हे मले कोणी सांगतलं नाही.
मीही कोणाले विचारलं नाही.

सरपंच म्हणे, बोला.

मी आधी खिडकी लावायले सांगतली.