उभ्या गाडीचं दुखणं

उदगीरच्या फाटकापाशी थांबले की सुरू व्हायचं.
आधी आरसा. मागच्या टेम्पोवाल्याला दोन तोंडं.
मग दारातली स्टीलची बाटली,
मग माझी दाढ.
पळताना काही नाही,
साठवर गाडी झोपलेल्या लेकरासारखी.

"कधीपास्नं हालूलाली?" मौला मिस्त्रीनं विचारलं.
"चार दिवस झाले."
उपकेंद्रात रोज हेच ऐकते मी.
गाठ घेऊन आलेली बाई पदर सावरत म्हणते, चार दिवस.
सहा महिने झाले होते.
त्यानं ओळखलं, बोलला नाही.

एसी लावायला सांगितला. काटा खाली बसला,
थरथर वाढली. "बंद करा."
मग एकेका प्लगची वायर उपसून बघितली;
प्रत्येक वेळी इंजिन अडखळलं.
"चारी कामाला हैत. कामचुकार कुनी न्हाई."
हवेच्या पाइपावर फवारा मारला, आवाज तोच.
थ्रॉटल खोलून गुंड्यानं जुन्या बनियननं काजळी पुसली.
काजळी निघाली. थरथर नाही.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर,
टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
कुणाच्या छातीवर नळी ठेवताना
माझं तोंड असंच दिसतं का?

"इंजिनला काय बी झालं न्हाई, सिस्टर."
हे वाक्य मला आवडत नाही.
लातूरला माझे रिपोर्ट बघून
असंच म्हणाले होते, आणि पुढचा नंबर पुकारला होता.

पण मौला उठला नाही.
खाली फळी लावून जॅकनं इंजिन बोटभर उचललं,
आणि आरशातलं लिंबाचं झाड
एकदम एक झालं.
जॅक सोडला. परत दोन.

"माउंटिंग गेलंय. इंजिन हालनारच वो,
त्याचा जलमच हालायचा.
ते तुमच्यापतोर येऊ द्यायचं न्हाई, एवढंच ह्या रबराचं काम."
हातावर ठेवलं: मुठीएवढं, मधोमध चिरलेलं,
चिरेत देवर्जनच्या रस्त्याची काळी माती.

नवं बिदरहून आलं, दोन दिवसांनी.
साडेअकराशे, मजुरी वेगळी.

शनिवारी फाटक लागलं. मालगाडी संपेना.
बाटली गप्प, दाढ गप्प.
बंदच पडली म्हणून मी पुन्हा किल्ली फिरवली,
आणि चालू इंजिन असं किंचाळलं
की मागचा टेम्पोवाला
एकाच तोंडानं हसला.