खुंटी क्रमांक एक्केचाळीस

थंडीचे सहा महिने
मी गणितज्ञांना कोटावरून ओळखायचे.
लेनिनग्रादमध्ये कोट जड,
माणसं त्यामानानं हलकी.
वर फळ्यावर काय चालायचं देव जाणे;
खाली माझ्यापाशी पितळी बिल्ले
आणि एकशेवीस खुंट्या.

वेनियामिन ओसिपोविच तेवढे रेंगाळायचे.
‘ग्लाफिरा निकानोरोव्हना,
रातोरात खुंट्यांचे आकडे बदललेत,
आणि बिल्ल्यांचेही,
तर माझा कोट कुणाचा?’
‘तुमचाच. उंदरांनी कुरतडलेली ती बाही
दुसरं कोण घालणार?’
खूप हसले. म्हणाले, याला गेज म्हणतात.
आकडे आपल्या सोयीचे. कोट खरा.

‘आणि प्रत्येक खुंटीनं
आपापलीच मोजणी धरली तर?’
‘मग शेजारणीशी बोलायला दुवा लागतो.
हा उजेड आहे ना, बाई,
तो तसलाच दुवा.’
मी वर पाहिलं.
चाळीस वॅटचा बल्ब. धूळ पुसायची राहिलेली.

एप्रिलात कालव्यातलं बर्फ फुटलं.
एक बोट अचानक थांबली
आणि तिच्या नाकापुढून सुटला पाण्याचा उंचवटा,
न फुटता, न पसरता
पुलाखालून गेलासुद्धा.
‘अशा दोन लाटा एकमेकींत शिरतात,
आरपार निघतात, जशाच्या तशा.
त्यांच्या पोटात न बदलणाऱ्या राशी असतात, अगणित.
म्हणून तर हे गणित सुटतं.’
‘म्हणजे भेटल्याचं काहीच उरत नाही?’
‘असायला हव्यात तिथून
जराशा सरकलेल्या असतात. एवढंच.’
चहा निवला होता. तरी प्यायले.

नोव्हेंबरात त्यांना मागच्या दारानं नेलं,
ब्लँकेटमध्ये.
बिल्ला खिशात, खिसा त्यांच्यासोबत.
वोलोग्दाहून बहीण आली.
बिल्ल्याशिवाय कोट द्यायचा नाही, असा नियम.
विचारलं, ‘बाही कशी आहे?’
तिनं आपलीच बाही धरून दाखवली.
दिला.

पुढं शहराचं नाव बदललं.
रस्त्यांची बदलली, नोटांवरची शून्यं बदलली,
एका तरुण मॅनेजरनं खुंट्यांनाही
नवे आकडे लावले, प्लॅस्टिकचे.
एक्केचाळीसची आता सतरा.
थंडी तीच. कालवा तोच.

सतरावर कुणाकुणाचे कोट येतात,
कधी काहीच नसतं.
नसतं तेव्हाही
तिथून जाताना मी खांदा वळवते,
बाहीला धक्का लागू नये म्हणून.